मोगऱ्याचे वैज्ञानिक संगोपन

२ डिसेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. हेतू केवळ व्यावसायिक.

पत्नी बकुळाला जाऊन आज सोळा आठवडे झाले. तिची नर्सरी, म्हणजे आमच्या परळच्या चाळीमागे बंद गिरणीच्या भिंतीला टेकलेला कुंड्यांचा पसारा, आजपासून माझ्या नियंत्रणाखाली. तिने तो बावीस वर्षे चालवला, कोणत्याही शास्त्राच्या मदतीशिवाय. कुंडीला लेबल नाही, तापमानाची नोंद नाही. खत म्हणून चहाचा चोथा आणि मासे धुतलेले पाणी. तरीही झाडे विकली जात. ग्राहकांच्या अज्ञानाचा याहून सबळ पुरावा नको.

मी बी. एस्सी., रसायनशास्त्र, द्वितीय श्रेणी. बत्तीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक. मला झाडे जमणार नाहीत असे मानण्यास काहीही आधार नाही.

५ डिसेंबर
विहाराचे सचिव उत्तमराव आले. दर बुद्धपौर्णिमेला विहाराच्या पायऱ्यांवर बकुळाच्या मोगऱ्याच्या चाळीस कुंड्या फुललेल्या असत. पहिले वर्ष वगळता एकदाही खंड नाही. उत्तमराव म्हणाले, तांबेसाहेब, यंदा राहू द्या, आम्ही दादरहून हार आणू. दुःखात कशाला धावपळ? मी म्हणालो, हार कोणीही आणेल. पायऱ्यांवर बकुळाच्याच कुंड्या असतील, चाळीसच्या चाळीस, प्रत्येक कुंडीवर किमान पंचवीस फुले. तसे लेखी दिले. लेखी कशाला, असे ते म्हणत होते. याच वृत्तीमुळे आपल्या संस्था मागे राहिल्या आहेत.

१० डिसेंबर, सकाळी ७
अक्षम्य प्रकार. गंगुबाई, जी बकुळाच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून आहे, मोगऱ्याची पाने ओरबाडताना सापडली. दोन कुंड्या पूर्ण बोडक्या केल्या होत्या. कुंड्यांतील माती कोरडीठाक. चौकशी करता कळले की आठवडाभर तिने मोगऱ्याला पाणीच दिलेले नाही, आणि ते जाणूनबुजून.

म्हणाली, साहेब, मोगऱ्याला उपाशी ठेवला नाय तर तो फुलत नाय. थंडीत पाणी तोडायचं, पानं खुडायची, फांद्या छाटायच्या, मग माघात शेणखत. बाई असंच करायच्या.

मी तिला प्रकाशसंश्लेषण समजावून सांगितले. पान म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर मोडून कोणाचे पोट भरले आहे? ती म्हणाली, पोट भरलं की तो झोपतो ना साहेब, फुलेल कशाला?

अशा माणसांबरोबर बकुळाने बावीस वर्षे काढली. यापुढे पानास हात लावण्यास सक्त मनाई. उरलेल्या अडतीस कुंड्यांना मी स्वतः पाणी घातले, दोन वेळा. मातीने पाणी शोषल्याचा आवाज येतो. हे पूर्वी लक्षात आले नव्हते.

बोडक्या दोन कुंड्या भिंतीपलीकडे उन्हात ठेवण्यास सांगितल्या. बघवत नाहीत.

२२ डिसेंबर
ग्रीनहाऊस उभे राहिले. लोखंडी कमानी, हिरवी जाळी, आत तुषार सोडणारी नळी. उभारणारा दिनेश विचारत होता, काका, आत काय लावणार? मोगरा म्हटल्यावर हसला. म्हणाला, मोगऱ्याला सावली? मोगरा उन्हातला गडी, काका. मी त्याला त्याचे शिक्षण विचारले. दहावी. पुढे बोलण्याची गरज उरली नाही.

फलकही लावला: तांबे वैज्ञानिक पुष्पसंवर्धन केंद्र. लोक त्याखाली उभे राहून विचारतात, बकुळाताईंची नर्सरी कुठे गेली?

१४ जानेवारी
अडतीस कुंड्यांची पाने हिरवीगार. सरासरी पान सहा सेंटीमीटर. मी पट्टीने मोजतो. आर्द्रता ७८ टक्के. गंगुबाई म्हणाली, भाजी छान झालीय, एक जुडी देता का? हा विनोद होता. मी नोंद घेतली.

मुलगी नम्रता नाशिकहून रोज फोन करते. प्रश्न एकच, बाबा, जेवलात का? मी आर्द्रतेविषयी सांगतो.

३ फेब्रुवारी
समोरच्या पंचेचाळीस मजली टॉवरमधील एक बाई आली. तिला बाथरूममध्ये ठेवण्यासाठी, पाणी न लागणारे, ऊन न लागणारे आणि कधीही न मरणारे झाड हवे होते. मी म्हणालो, प्लास्टिकचे घ्या. ती म्हणाली, ते फेक वाटतं. गंगुबाईने मध्ये पडून तिला मनीप्लांट विकला आणि वर, दर रविवारी त्याच्याशी बोला, असा सल्लाही दिला. हे बकुळाचे तंत्र. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, झाडाशी बोला. शास्त्रीय आधार शून्य.

सायंकाळी ग्रीनहाऊसमध्ये तासभर बसलो. केवळ तापमानाच्या नोंदीसाठी. काही मोठ्याने उच्चारले गेले असल्यास ते आकडे होते.

१० मार्च, सकाळी ६.४०
कळ्या!

पानांच्या बगलेत पांढरे, मऊ, टपोरे ठिपके. एकेका कुंडीवर वीस-बावीस. मोजले. ताबडतोब उत्तमरावांना दूरध्वनी करून प्रगतीचा अहवाल दिला. नम्रतालाही. ती रडली. बायकांचे हे असेच. गंगुबाईची वाट पाहतो आहे. आज तिच्याकडून लेखी कबुली घेण्याचा विचार आहे.

१० मार्च, सकाळी ९
त्या कळ्या नव्हेत. गंगुबाईने एक ठिपका बोटाने चिरडला. चिकट द्रव निघाला. म्हणाली, पिठ्या आहे साहेब, पिठ्या ढेकूण. ओल आणि सावली, त्याची तर दिवाळी.

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. त्याचाच अधिक राग आला.

११ मार्च
कीड पुसण्यासाठी ती साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसली. मी दुसरा ब्रश घेतला. अडतीस कुंड्या, सहा तास. मला वाटले ती काही बोलेल. ती फक्त मध्येच म्हणाली, अजून वेळ गेली नाय साहेब. जाळी काढा, आता खुडू द्या. दोन महिन्यांत काही ना काही येईल.

मी नकार दिला. आजारी रुग्णाचे अन्न तोडणारा वैद्य मी पाहिलेला नाही. आणि या पानांतली काही जुनी आहेत. ऑगस्टपूर्वीची, बकुळा असतानाची. ती कोणती, हे मला सांगता येते.

हा मुद्दा शास्त्रीय नाही, म्हणून नोंदीतून वगळावा.

६ एप्रिल
भिंतीपलीकडील दोन बोडक्या कुंड्या फुलल्या आहेत. चाळीत सर्वत्र वास. पहिल्या मजल्यावरचा राजाराम गॅलरीतून ओरडला, तांबे, वहिनींचा मोगरा आला वाटतं! मी त्यास समजावले की मरणासन्न वनस्पती शेवटचा उपाय म्हणून फुलतात. हे आरोग्याचे नव्हे, व्याधीचे लक्षण आहे. तो म्हणाला, मग सगळ्याच आजारी पाड ना रे.

राजाराम माझा वर्गमित्र. शाळेतही तो नापास होत असे.

२५ एप्रिल
ग्रीनहाऊसमध्ये एकही कळी नाही. पाने उत्तम. खताची मात्रा दुप्पट केली.

४ मे
पाने अधिक उत्तम.

उत्तमरावांनी विचारले, हार सांगून ठेवू का? मी त्यांना माझ्या लेखी हमीची आठवण करून दिली. ते म्हणाले, अहो साहेब, हमीचं काय घेऊन बसलात, वहिनींची आठवण आहे ती. नेमके तेच मी त्यांना सांगतो आहे, पण त्यांना समजत नाही.

१२ मे, बुद्धपौर्णिमा, पहाटे ५
दादरच्या फुलबाजारात. मोगरा, सुटा, तीन किलो. विक्रेत्याच्या तराजूचे पारडे डावीकडे झुकलेले होते. मी निवृत्त असूनही ते निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, बाबा, घ्यायचा तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा, मागे लाइन आहे.

सुई आणि पांढरा दोरा बकुळाच्या डब्यातला. प्रत्येक कुंडीस पंचवीस फुले, देठाशी एक गाठ. याला फसवणूक म्हणता येणार नाही. कुंड्या तिच्या, झाडे तिची, मोगरा मोगराच.

१२ मे, दुपार
वस्तुनिष्ठ वृत्तान्त.

साडेआठ वाजता अडतीस कुंड्या पायऱ्यांवर लागल्या. देखावा भव्य. गंगुबाईने एकदा पाहिले आणि मान फिरवली. त्रिशरण-पंचशील सुरू झाले. ऊन वाढले. सव्वानऊपासून फुलांनी माना टाकण्यास सुरुवात केली, सर्वांनी एकाच वेळी, जे निसर्गात होत नाही.

मग कमळाबाई आल्या. वय पंच्याऐंशी, एकेकाळी गिरणीत मागाचे धोटे भरत. बुद्धमूर्तीपुढे ठेवायला त्यांनी कुंडीवरचे एक फूल तोडले. फुलाबरोबर दोरा आला. दोऱ्याबरोबर दुसरे फूल. त्या ओढत राहिल्या आणि सात फुले आली. मग भर विहारात त्यांनी विचारले, अरे तांब्या, हा मोगरा शिवून आणलास?

प्रथम कोणी हसले नाही. नंतर सर्व हसले. लहान मुले इतर कुंड्यांचे दोरे ओढू लागली. उत्तमराव म्हणाले, राहू द्या, राहू द्या, आणि स्वतः तोंडावर रुमाल धरून उभे राहिले.

त्या गडबडीत गंगुबाई चाळीत जाऊन त्या दोन कुंड्या घेऊन आली, एक डोक्यावर, एक कमरेवर. मूर्तीच्या उजवी-डावीकडे ठेवल्या. हसणे थांबले. कमळाबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, ही बकुळाची.

मी चप्पल शोधण्यासाठी बाहेर आलो. बराच वेळ सापडली नाही.

१३ मे
जाळी काढण्यास दिनेशला बोलावले. त्याने उन्हाचा विषय टाळला. दहावीच्या मानाने समंजस आहे.

गंगुबाई कात्री घेऊन आली. म्हणाली, आता फक्त हलकी छाटते, खरं खुडणं डिसेंबरात. मग पालथ्या पाटीवर बसून तिने जे सांगितले ते येथे नोंदवतो.

म्हणाली, साहेब, रागावू नका, पण बाई दर डिसेंबरात तुम्हाला नाशिकला का धाडायच्या?

मी म्हणालो, आधी नातवाला खेळवण्यासाठी, पुढे त्याचे गणित घेण्यासाठी. नम्रता स्वतः बोलावत असे. त्याचे गणित कच्चे होते.

ती म्हणाली, कसलं गणित! बाईच फोन करायच्या ताईला. ह्यांना आठ दिवस ठेवून घे गं, मोगरा खुडायचाय. पहिल्या वर्षी तुम्ही पहाटे उठून चोरून पाणी घातलं होतं, आठवतंय? त्या साली एक फूल नाय आलं. बाई हसून हसून सांगायच्या, आमचे साहेब बोलायला कडक, पण पान तोडलेलं बघवत नाय त्यांना.

आठवत नाही, असे मी म्हणालो. आठवते.

म्हणजे एकवीस वर्षे मी कुटुंबीयांच्या संगनमताने, सन्मानपूर्वक, कामातून दूर ठेवला गेलो. गेल्या डिसेंबरात बोलावणे आले नाही, तेव्हा गणित सुधारले असावे असा माझा समज झाला होता.

गंगुबाई छाटत होती. कात्रीच्या प्रत्येक खटक्याला मी दुसरीकडे पाहिले. शेवटी ती म्हणाली, साहेब, तुम्ही चहा सांगून या बरं. मी गेलो. दोन चहांना चाळीस मिनिटे लावली.

रात्री नम्रताचा फोन. जेवलो असे सांगितले. मग विचारले, येत्या डिसेंबरात गणिताची काही अडचण आहे का?

तिने आधी मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, आहे ना बाबा. फार आहे. आठ दिवस तरी लागतील.

येतो म्हणालो. नातू सध्या वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेथे गणित नसते.