डोणगावचं स्टँड

अनु बाई,

तुह्या साखरपुड्यात तुहे बाबा पिऊन पाहुण्यांच्या अंगावर धावले. सोयरीक मोडली अन् तू पुण्याले निघून गेली. केस झाली, पण कोर्टात तो लहान गुन्हा निघाला. मोडलेल्या सोयरिकीले कलमच नाही म्हणे! शिक्षा काय, तं डोणगावचं स्टँड झाडा. माहा जीव जळला.

सकाळच्या उन्हात धूळ उडते, त्यात ते सपनातल्या माणसासारखे दिसतात. पुण्याची गाडी आली की झाडणं थांबते. शेवटचा माणूस उतरेपर्यंत पाहत राह्यतात.

शिक्षा कवाच संपली. आजही गेले. म्या इचारलं, "काऊन?"

"अनु उतरीन तवा पायाखाली कचरा नको."

हे पत्र धाडत नाही. माह्या सांगण्यावरून तू येऊ नये म्हणून. म्याही त्यांले माफ केलं नाही. पण आज डबा द्याले गेली, गाडी आली, अन् मीबी उभी राह्यली.

तुही माय,
जयमाला