स्वयंपाकघरातली उत्तरेची भिंत

आबा, आज शाळा सुटल्यावर मी घर शेवटचं बघून आले. सांगलीतच, नदीच्या अंगाला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी आणि परसात एक पेरूचं झाड. उद्या त्याचं खरेदीखत व्हायचं होतं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणजे हे सगळं नव्यानंच सांगायला हवं. तुमची लेक मुलींच्या शाळेत शिकवते. दस्त लिहिणाऱ्यानं धंद्याच्या जागी मला न विचारताच ‘घरकाम’ लिहून टाकलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि ‘शिक्षिका’ लिहून घेतलं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मीही त्याच्याकडे बघितलं, आणि शेवटी त्यानं टाक दौतीत बुडवला.

नोकरी लागल्यापासून सात बिऱ्हाडं केली मी. एकट्या विधवेला खोली द्यायची म्हणजे मालकिणींच्या जिवावर येतं. एकीनं दिवा किती वाजता मालवता ते विचारलं, दुसरीनं सकाळी समोर येत जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि तिसरीनं तिच्या जावयाची बदली इकडे झाल्यावर आठ दिवसांत सामान बाहेर काढायला लावलं. आता मला कुणाच्या दारात आश्रितासारखं राहायचं नाही. म्हणून हे घर हातचं जाऊ नये असं फार फार वाटत होतं. भाऊ पलटणीत आहे, लढाई संपली तरी अजून सुटका नाही त्याची. त्यानं लिहिलं, ‘मी रजेवर येईपर्यंत थांब, बाईमाणसाला घरातलं काय कळतं?’ त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमची थापी त्यानं ठेवून घेतली, ओळंबा माझ्याकडे आहे. मी ट्रेनिंगला पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही तो माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलात. बरोबरीच्या मुलींना घरून शाली आणि लाडू मिळाले होते, मला लोखंडाचा गोळा! तेव्हा मी तो कुणाला दिसू दिला नाही. आज मात्र पिशवीतून काढून प्रत्येक दाराच्या चौकटीला लावला. दोरी हलायची थांबेपर्यंत थांबले. चौकटी सरळ आहेत. मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, तेही नीट बाहेर गेलं.

घर घेण्याआधी लोक तुम्हालाच बोलवायचे, आठवतं ना? मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला औंधाला घेऊन गेला होतात. एक वकील घर घेणार होते. तुम्ही भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसता, बोट घासता, ते जिभेला लावता, आणि गप्प बसता. लोणा लागलेली भिंत खारट लागते, वरून कितीही चुना फासला तरी आतून ती भुसभुशीत होत जाते, हे मला ऐकून माहीत असतं. घरमालक घाम पुसतो. मला ती शांतता सोसत नाही आणि मी म्हणून जाते, “आबा, चांगली हाय की भिंत!” मालक मोठ्यानं हसला आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, “तुला इचारलं व्हतं का कुणी? आपुन गप ऱ्हायचं. ज्याच्या पोटात असंल, त्योच बोलतो. आज तू त्येला वाचिवलंस.” यमाईचा डोंगर मागे पडेपर्यंत मी रडत होते, आणि तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत. त्याचा राग मला अजून थोडा आहे.

तर आजचं. मालक म्हातारे, मुलाकडे पुण्याला निघालेत. सगळ्या भिंतींचा चुना जुना, पिवळट, आणि स्वयंपाकघरातली उत्तरेची तेवढी भिंत पांढरीशुभ्र. दलाल घाई करत होता. “बाई, लय बघितलंसा की आता. उद्या कचेरीत या म्हंजे झालं. कवठे महांकाळचं गिऱ्हाईक टपून बसलंय.” मी पदर खोचला, खाली बसले, बोट भिंतीवर घासलं आणि जिभेला लावलं. “आवं बाई, चाटताय काय भिंत!” दलाल हसला. मी उठले नाही आणि बोललेही नाही. हे घर गेलं तर पुन्हा आठवं बिऱ्हाड. बाहेरून एक टांगा गेला. मालकांनी चष्मा पुसला, लावला, परत पुसला.

चुलीजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला ते बघवेना. “अहो, सांगून टाका. त्यांना कळलंय. लोणा लागलाय हो बाई, तीन पावसाळे झाले. यांनी परवा वरून चुना दिला.”

मालकांनी मान खाली घातली. मी म्हटलं, भिंत कंबरेपर्यंत काढा, पायापासून दगड आणि चुन्यात नवी घ्या, मग खरेदी. दलालानं पुन्हा ते गिऱ्हाईक काढलं. “मग त्यांना द्या,” मी म्हटलं, “पण त्यांनाही ही भिंत दाखवा.” त्याचं तोंड एवढंसं झालं. मालकांनी पंधरा दिवस मागितले आणि मी दिले. निघताना त्या बाईंनी विचारलं, “हे कुठं शिकलात?” “माझे वडील गवंडी होते,” मी सांगितलं, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच. ट्रेनिंगला असताना हेच वाक्य माझ्या घशात अडकायचं. आज येताना रस्ताभर ते मनात घोळवत आले.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिते. माझ्या जिभेला आज नुसता ताजा चुना लागला. जीभ भाजली, अजून चुरचुरतेय. भिंत खारट होती की नव्हती, देवाशपथ मला कळलं नाही. तुम्ही मला कधी चाखू दिलं नाहीत आणि मीही कधी मागितलं नाही. लोणा कसा लागतो ते मला ठाऊकच नाही, आबा. मी फक्त गप्प बसले.