कपाटातल्या डिस्कवरचा कचरा

बाबा, तुम्ही खरं बोलत होतात. फोटो कचऱ्यातच होते. हे कळायला मला सहा वर्षं लागली आणि तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली.

तो रविवार काही केल्या डोक्यातून जात नाही. दिंडोरीकडचे दोन बागायतदार सकाळीच आलेत, आई पोह्यांच्या बशा आणून ठेवतेय आणि तुम्ही संगणकासमोर नुसतेच बसलाय. निवृत्तीनंतर बागाबागांत फिरून तुम्ही द्राक्षाच्या पानांचे फोटो काढले होते. पानांवरचे रोग, डावणी कशी दिसते, भुरी कशी, सगळं एका फोल्डरात. तेच बघायला ते दोघं आले होते. "काल हललेले फोटो काढून टाकताना सगळं फोल्डरच गेलं बहुतेक," तुम्ही मला हळूच म्हणालात, "पण कचऱ्यातच टाकलंय रे मी. जाईल कुठं?" मी संगणकावरचा कचऱ्याचा डबा उघडला. रिकामा. तुम्ही उठलात, "थांब, कपाटातून डिस्क आणतो." आणि मी, दिवसभर कंपनीचे सर्व्हर सांभाळणारा मी, म्हणालो, "डिस्कचा इथं काय संबंध? कचरा तर इथंच असतो ना. झेपत नसेल तर कशाला हात लावता, बाबा?" ते दोघं बशीत बघत राहिले. तुम्ही परत खाली बसलात. "माझंच चुकलं असेल," एवढंच म्हणालात.

फोटो बाहेरून जोडायच्या डिस्कवर ठेवायचे आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवायची, हा नियम माझाच. तुमच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसवून देताना दम देऊन शिकवलेला, आणि तुम्ही तो इमानाने पाळत होतात. जोडलेल्या डिस्कवरची फाईल टाकून दिली की ती त्या डिस्कवरच्याच लपलेल्या कचऱ्यात जाते, डिस्क काढली की कचराही तिच्याबरोबर जातो. हे मी ऑफिसात नवीन पोरांना शिकवतो. त्या दिवशी आठवलं नाही, कारण आठवायचं नव्हतंच. तुम्ही चुकला असणार हे मी आधीच ठरवलं होतं. त्यानंतर तुम्ही संगणकावर आईचा जुना टॉवेल टाकलात. कॅमेऱ्याची पिशवी खुंटीवरच राहिली. दिंडोरीहून फोन आला की "आता जमत नाही" म्हणायचात, आणि मला वाटायचं, वय झालं.

गेल्या महिन्यात रंगकामासाठी कपाट रिकामं करताना ती डिस्क निघाली. रुमालात गुंडाळलेली, वर तुमच्या अक्षरात 'पाने' अशी चिठ्ठी. टॉवेल काढून तुमचाच संगणक सुरू केला, डिस्क जोडली आणि कचऱ्याचा डबा उघडला. अख्खं फोल्डर तिथं. परत जागेवर ठेवायला एक क्लिक लागली. तुम्ही कपाटापर्यंत गेला असतात तर पोहे गार व्हायच्या आत मिळालं असतं. मी स्क्रीनसमोर बसून रडलो, लाज वाटून रडलो.

आई मागे उभी होती. "गेलेले फोटो आणलेस तू परत?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "यांच्या हातून गेलं होतं सगळं, पोराने शोधून काढलं." काल मामांना सांगत होती. मी तिथंच बसलो होतो, बाबा, आणि चहा पीत राहिलो.