दोन बोटांचा निरोप

नाकोरोवातू, सावूसावूच्या पलीकडे
१९ ऑगस्ट, सोमवार

नेव्हिल,

आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीने आला, त्यात फार काही शोधू नकोस. पॅमची पाठ आता बरी असेल. यानंतर ‘इकडे सर्व ठीक’ लिहायची आईची रीत होती, ती आज मोडते. ओळी वर-खाली झाल्या असतील तर वाऱ्याला बोल लाव. व्हरांड्यात बसून लिहिते आहे.

ताजी बातमी अशी, की गावाच्या लेखी मी इथून निघून गेलेली आहे. आज सकाळी पेनियासीने माझ्या पायरीवर बसून हे सांगितलं. तो प्रमुखाच्या वतीने बोलणारा माणूस. त्याने सांगितलं म्हणजे गावाने सांगितलं. दुपारी, सभाघरात तुझ्या वतीने बोललेल्या वाइसाकेला वेगळं गाठून विचारलं, तोही तेच म्हणाला. दोन माणसांनी स्वतंत्रपणे एकच सांगितलं की आमच्या पेपरात बातमी छापायला हरकत नसे. टाऊन्सव्हिलला मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या अशा तपासल्या. माझी स्वतःची तपासायची वेळ तू आणलीस.

तू फोनवर म्हणालास की हा गावकऱ्यांचा गैरसमज आहे. म्हणून काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर तुला दुसरं काही आठवायला नको.

इथे पाहुणा येतो तेव्हा यंगोनाची, ज्याचं पेय करतात त्या झुडपाची, मुळी पुढे ठेवून आत यायची परवानगी मागतो. जाताना पुन्हा मुळी ठेवून निरोप मागतो. हे मीच तुला सांगितलं आणि बाजारातून मुळीही मीच आणून दिली. तू निघायच्या आदल्या दिवशी सभाघरात चटईवर आपण बसलो, तू आणि शेजारी मी. तुझ्या बाजूने बोलायला वाइसाके होता, समोर पेनियासी आणि म्हातारी मंडळी. बोलायच्या आधी वाइसाकेने हळूच तुला विचारलं, “दादा, निघतंय कोण कोण?” तू तोंडाने उत्तर दिलं नाहीस. वाइसाकेने मुळी हातात घेतली आणि निरोप मागितला, तो ‘केइराऊ’ म्हणून.

आपल्या इंग्रजीत या जागी एकच शब्द आहे आणि त्यात कोणीही मावतो. इथे ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं, आणि ‘आम्ही दोघं’ त्याहून वेगळं. केइराऊ म्हणजे आम्ही दोघं, तुम्ही नाही. मला हा शब्द नीट ऐकू आला. मी समजले की तू आणि पॅम, नवरा-बायको. पॅम सावूसावूच्या हॉटेलातून एकदाही बाहेर पडली नाही, तिला डास चावतात, हे मला माहीत होतं. गावाला पॅम नावाची कोणी आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर दोन माणसं बसली होती, त्यांनी दोघांना निरोप दिला. मी पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या निरोपाला.

नंतर बायका रडायला लागल्या. मला नवल वाटलं. चार दिवस माशांत काटे फार म्हणून कुरकुरलेल्या माणसासाठी कोण रडेल? शेजारच्या अकानिसीने माझ्या मांडीवर नवी विणलेली चटई ठेवली आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, भावाच्या जाण्याने बहिणीला वाईट वाटत असेल असं तिला वाटतंय. तेवढाच तिचा गैरसमज, असं मी धरून चालले.

तू गेल्यावर रताळ्यांचा माझा तुकडा कोणीतरी खणून दुसरे वेल लावले. शाळेचे मास्तर बायकोला घेऊन आले, चहा प्यायले, आणि बाई बोलता बोलता खिडक्यांना हात लावून वीत मोजत होती. कोणी काही विचारलं नाही. जाणाऱ्याला कधी जातोस असं विचारणं इथे वाईट दिसतं. शेवटी अकानिसीलाच राहवलं नाही. नारळ किसता किसता म्हणाली, “बाई, तुमची बोट कुठल्या दिवशीची? मला वेळेवर सांगा, नाहीतर मी शेतात असायची.”

तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, दोन म्हणजे मी आणि पॅम, त्यात माझा काय दोष. मी विश्वास ठेवला, कारण मलाही तसंच वाटलं होतं. मी तर पेनियासीकडे तुझ्या वतीने माफी मागायला जाणार होते. मग शनिवारच्या बोटीने तुझं पत्र आलं, आत माझ्या नावाचं विमानाचं तिकीट. अकानिसीने ते वाचून दाखवलं. तिला इंग्रजीचा सराव हवा असतो.

‘आपण ठरवल्याप्रमाणे तुझी खोली राखून ठेवली आहे.’ हे वाक्य मी तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. आपण कधी ठरवलं, नेव्हिल? आईला वृद्धांच्या त्या संस्थेत ठेवायचं तेही आपण ठरवलं होतं आणि मला ते तिथल्या बाईकडून कळलं. तुझ्या ‘आपण’मध्ये तुझ्याशिवाय माणूस नसतो. आणि ती खोली जिथे आहे, ज्याला तुम्ही लोक निवृत्तांचं गाव म्हणता, कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत सगळे उपरे, तिथे दुपारी पत्ते खेळायला मला यायचं नाही. गाव म्हणायला आधी कोणाला तरी विचारून आत यावं लागतं.

तुला नेहमी वाटत आलं की हा देश केल्विनने निवडला आणि मी बायको म्हणून मागून आले. उलट आहे. निवृत्तांनी कुठे राहावं याची पुरवणी आमचा पेपर दर जानेवारीत काढायचा आणि ती माझ्या टेबलावरून जायची. ऊन कुठे चांगलं, डॉक्टर कुठे, भाजी कुठे ताजी. पेनांग वर की पोर्तुगाल, यावर मी मथळे दिले आहेत. आम्ही दोन्हीकडे जाऊनही आलो. पेनांगला आमच्यासारखेच लोक आमच्याशीच बोलत होते. पोर्तुगालला घरमालकाने किल्ली दिली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. इथे आलो तर पेनियासीने विचारलं, “तुम्हाला काय हवंय ते कळलं. तुमचा आम्हाला उपयोग काय?” केल्विन एवढा हसला. आयुष्यभर बंदरात जहाजं आणणारा माणूस, म्हणाला, “बोटीची इंजिनं दुरुस्त करतो.” मी म्हणाले, मुलांना इंग्रजी लिहायला शिकवीन. त्यावर घराची जागा मिळाली, तोंडच्या शब्दावर. आमच्या पुरवणीत या प्रश्नाला जागा नव्हती.

केल्विन आजारी पडून टाऊन्सव्हिलच्या दवाखान्यात निघाला तेव्हा त्यानेही मुळी ठेवली होती. त्याने ‘मी’ म्हणून निरोप मागितला. वाइसाकेने विचारलं, बाई? तो म्हणाला, ती येईल परत. त्याला पुरून मी आले तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही, चूल पेटवलेली होती. तोंडच्या शब्दाचं घर असंच टिकतं. आणि असंच जातं.

आता तुझ्या बोटांकडे येते.

वाइसाकेला आज मी विचारलं की दोघं हे त्याने कशावरून धरलं. म्हणाला, “बाई, त्यांनी दोन बोटं वर केली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग तुमच्याकडे केलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सरळ बघत होतात, नाही म्हणाला नाहीत.” बायकांच्या बाजूला बसलेल्या अकानिसीनेही ते पाहिलं होतं. पॅम त्या बोटाच्या टोकाला नव्हती, नेव्हिल. मी होते. हा गैरसमज नाही. तू मला न विचारता, माझ्या शेजारी बसून, माझं घर परत केलंस.

तू विचारणार, शेजारी बसून तुला दिसलं कसं नाही.

हाच प्रश्न तू महिनाभर राखून ठेवला होतास ना? मी ओरडले की विचारायचा. म्हणून मी गेले दोन दिवस ओरडले नाही. पण तुझ्या पत्रातलं शेवटचं पान अकानिसीने वाचलं आहे, तेव्हा आता झाकायचं काय राहिलं. तू लिहितोस की दुसऱ्या दिवशी मी चहा कपाबाहेर ओतला तेव्हा तुला शंका आली. तिसऱ्या दिवशी तू मला पेपर उलटा दिलास. मी तो हातात धरून बसले, पान उलटलं आणि म्हणाले, हल्ली मथळे फार लांब देतात. तू काही बोलला नाहीस. पॅमला मात्र सांगितलंस.

अकानिसी हे वाचताना थांबली. मी म्हटलं, वाच पुढे. ती म्हणाली, “बाई, हे असं भाऊ बहिणीला करतो?” मी म्हटलं, आमच्याकडे याला काळजी म्हणतात.

तर ऐक. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आहे. कडेने दिसतं: झाडाचा शेंडा, दाराची चौकट, माणसाचे कान. जिकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. सुवा शहरातल्या डॉक्टरने सांगितलं की हे वाढेल, थांबणार नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. या पत्राच्या ओळीही वाऱ्याने वाकड्या झालेल्या नाहीत.

गावालाही माहीत नाही असं मी समजत होते. शनिवारी पत्र वाचून झाल्यावर अकानिसी म्हणाली की दोन पावसाळ्यांपासून सगळ्यांना माहीत आहे. वाटेवर जो तो दुरूनच आपलं नाव सांगतो ना, तो गावचा शिष्टाचार नाही. ते फक्त माझ्यासाठी चालतं. मी एवढे दिवस ते शिष्टाचार समजून उलट आपलं नाव सांगत राहिले. ती हसली, मलाही हसू आलं, आणि मग तुझा एवढा राग आला की मी उठून आत गेले. तुलाही कळलं होतं आणि त्यांनाही. त्यांनी नाव सांगायला सुरुवात केली. तू पेपर उलटा दिलास.

पण हे लोक साधुसंत आहेत असं समजू नकोस. आज पेनियासीशी मी भांडले. म्हटलं, मी निरोप मागितला नाही, माझ्या भावाने मागितला. तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या तोंडादेखत मागितला. आम्ही दिला, बायका रडल्या, चटई दिली. दिलेला निरोप परत घेतला तर उद्या कोणाच्या शब्दाला किंमत राहील?” मास्तरांना घराचा शब्द दिलेला आहे, तोही शब्दच. मी म्हटलं, मग मी जाऊ कुठे? तो म्हणाला, “जुन्या ग्लेनिसबाई गेल्या. नवीन कोणी येत असेल तर तिने मुळी घेऊन यावं, म्हातारी मंडळी विचार करतील.”

मग उठता उठता त्याने खरं ते काढलं. “आणि हे बघा, येणारीने ती कोण आहे ते उघड सांगावं. डोळे जाणार आहेत, कोणीतरी हाताला धरावं लागणार आहे. हे लपवून आलात तर आम्ही घेणार नाही. तुमचा आम्हाला उपयोग काय, हेही पुन्हा विचारलं जाईल.”

केल्विनकडे इंजिनं होती. माझ्याकडे आता लिहिणं शिकवणारे डोळे नाहीत. सगळ्या गावासमोर चटईवर बसून मला हाताला धरा असं म्हणण्यापेक्षा तुझं तिकीट वापरणं सोपं आहे, आणि हे तुला चांगलं माहीत आहे. तू मला कधी ओढून नेलं नसतंस. माझा ताठा मला विमानात बसवील यावर तू भरवसा ठेवलास. त्या बाबतीत तू मला फार चांगलं ओळखतोस. म्हणूनच मला तुझा तिटकारा आला आहे, आणि तो एवढ्यात जाईल असं दिसत नाही.

आंधळी होणार आहे. पहिल्यांदा लिहिलं. लिहून झाल्यावर काही झालं नाही.

तिकीट अकानिसीकडे दिलं आहे, ते ती याच पाकिटात घालील. पॅमला म्हणावं खोली दुसऱ्या कोणाला दे.

आता पुढचं. म्हातारी मंडळी शुक्रवारी दुपारी बसणार आहेत. माझ्या बाजूने बोलायला वाइसाके तयार नाही. एकदा तोंडघशी पडलो, म्हणतो. मी स्वतः बोलणार आहे, मोडक्यातोडक्या भाषेत. मुलांना वाचून दाखवणं गेलं, पण त्यांनी वाचलेलं ऐकून चूक काढणं अजून जमतं, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. ते त्यांना पुरेल की नाही, सांगता येत नाही. पेनियासीचा चेहरा मला दिसत नाही आणि आवाजावरून तो कधीच कळत नाही. मुळी त्यांनी उचलली तर मास्तरांना शाळेमागची जागा मिळेल आणि मी इथे राहीन. उचलली नाही तर शनिवारच्या बोटीने मी निघेन, कुठे ते तुला कळवणार नाही.

तू येऊ नकोस. आलास तर तुझ्यासाठी मुळी आणायला यावेळी कोणी नाही.

तुझी बहीण, कारण ती निवड माझ्या हातात नव्हती,
ग्लेनिस