तीस प्रतींचा वैमानिक

३ मार्च
आले एकदाची लितोवेलला! आईच्या ओळखीतल्या हिनेककाकांकडे पहिल्यांदाच येतेय; खाली कारखाना, वर संसार आणि दोन्हीकडे रेझिनचा वास. कारखाना म्हणायचं आपलं. एक टेबल, हवा खेचणारं एक यंत्र आणि फळीभर चिमुकली विमानं. मोठ्या कंपन्या ज्या विमानांना विचारत नाहीत, त्यांचे सुट्या भागांचे संच काका-काकू मिळून ओततात, प्रत्येकाचे फक्त तीस. तेवढ्या प्रतींत सिलिकॉनचा साचा झिजतो, बारीक रेघा बुजायला लागतात. मग काका तो कात्रीने कापून टाकतात. ओतिलीकाकूंनी बदक आणि कोबी वाढला. "हाडं दिसतायत तुझी, क्व्येता. लाजू नकोस, घे अजून," म्हणाल्या. दोन वर्षांनी पोटभर जेवले.

७ मार्च
काम मिळालं. जुन्या दुपंखी विमानाचा वैमानिक कोरायचाय, डोकं वाटाण्याएवढं. काकांनी बजावलं, "चेहरा ओळखीतल्या कोणाचा नको. त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढव, भागलं." का म्हणून विचारलं, तर डोकं खाजवत म्हणाले की कारण काही आठवत नाही, पण नको. मी हो म्हटलं आणि रादिमच कोरला. माझा भाऊ. मोटरसायकलवर गेला, त्याला दोन वर्षं झाली. डावी भुवई मधोमध तुटकी. लहानपणी बर्फात घसरगाडी मीच त्याच्यावर घातली होती. त्याला विमान चालवायचं होतं, राहून गेलं. आता तीस विमानांत बसेल. कोरताना रडले, पण बरं वाटलं.

१५ मार्च
साचा झाला. काढताना मूळ नमुना तुटला. असं होतंच, काका म्हणाले. आज मी सहा प्रती ओतल्या, सगळ्या रेखीव. संध्याकाळी रादिमचा आवाज आठवायला गेले, तर आठवेना. दमले असेन.

२१ मार्च
वीस झाल्या. स्वयंपाकघरात एका तरुणाचा फोटो आहे, गालावर खळी. काकूंना विचारलं. चौकटीबरोबर दुकानातून आला असेल, म्हणाल्या. काकांना वाटतं, तिच्या माहेरचा कोणीतरी. पुसायला म्हणून फोटो उतरवला. मागे काकांच्याच अक्षरात लिहिलंय: आमचा ल्युबोर, एकोणिसावा वाढदिवस.
फळीवरच्या एका जुन्या विमानातल्या वैमानिकाला तीच खळी आहे. खाली आकडा, तीसपैकी तीस.

२२ मार्च
रादिम हसायचा कसा? डोळे कुठल्या रंगाचे? माझ्या पाकिटातला फोटो पाहिला, तर रस्त्यात कधीतरी दिसलेला माणूस वाटतो. प्रत्येक प्रतीबरोबर तो थोडा थोडा जातोय माझ्यातून. आता एकही ओतणार नाही. साचा फडक्यात गुंडाळून कपाटामागे ठेवला. काकांना सांगितलं, फाटला. देवा, उरलाय तेवढा तरी राहू दे.

३० मार्च
कपाटामागे चांगला साचा सापडला. कोणी ठेवला कोण जाणे. काका खूश. आठ ओतल्या. एक भुवई तुटकी येते, साच्यातला दोष असणार. पुट्टी भरून सारखी केली.

२ एप्रिल
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. रादिम कोण — छातीत दुखतंय, कशासाठी ते कळत नाही. एकही ओतणार नाही असं लिहिलंय. पण दोनच राहिल्यात, गिऱ्हाईकं थांबलीत, आणि थांबायचं कोणासाठी —

३ एप्रिल
एकोणतीस. आईचा फोन आला. उद्या कबरीवर फुलं न्यायची, येशील ना, म्हणाली. कोणाच्या, मी विचारलं. ती रडायलाच लागली. मग हळू म्हणाली, "असं नको गं करूस. तुझा भाऊ होता तो."
मला भाऊ नाही.

४ एप्रिल
तिसावी साच्यात — घट्ट व्हायला दहा मिनिटं. काका कात्री घेऊन उभे. माझे डोळे वाहतायत, थांबत नाहीत. काकू ते पुसतायत, त्यांचेही वाहतायत — मलाही होतं असं, म्हणतात, कारण काही नसतं.
आई ज्याच्यासाठी रडली, त्याचं निदान नाव तरी लिहून ठेवते. आत्ता, साचा उघडायच्या आधी — त्याचं नाव