मिसरोदपर्यंतची जागा

बाबा, तुमच्या सकाळच्या गाडीत एक माणूस मारला गेला. गाडी तीच आहे. डबे नवे आले, वेळ थोडी मागेपुढे झाली, पण अपडाउन करणारी माणसं तशीच आहेत, आपापल्या डब्यात आपापल्या बाकावर बसणारी. तुम्ही तेहतीस वर्षं भोपाळ-होशंगाबाद केलंत, माझं हे बाविसावं. होशंगाबादचं नाव आता बदललं आहे, पण आमच्या डब्यात नवं नाव अजून कुणी घेत नाही. त्या दिवसाला पंधरा दिवस होऊन गेले. घरी मी नीट काही सांगितलेलं नाही, आणि बाहेर तर ज्याला त्याला सगळं माहीत आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि त्यामुळेच लिहिता येतं आहे.

मला नोकरी लागली त्या दिवशी अशोका गार्डनच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही मला सहा रुमाल दिले होते. पांढरे, निळ्या काठाचे. आई ओट्यावरच जुनी चादर अंथरून त्यांना इस्त्री करत होती आणि तुम्ही दारात उभं राहून चहा पीत होता. म्हणालात, "एक तोंड पुसायला, एक जागा धरायला. दोन्ही एकच वापरू नकोस." आई हसली. तुम्ही हसला नाहीत, कारण तुमच्या दृष्टीने ते कामाचं बोलणं होतं. भोपाळला गाडी रिकामी असते, तेव्हा पुढच्या स्टेशनांवर चढणाऱ्या आपल्या माणसासाठी बाकावर रुमाल टाकायचा, आणि रुमाल पडला की ती जागा त्याची. तिकिटावर असं काही लिहिलेलं नसतं, पण डब्यात सगळे मानतात. माझा रुमाल रोज मिसरोदच्या माणसासाठी असतो. तो तिथल्या कॉलनीत राहतो, माझ्याच ऑफिसात आहे, आणि त्याची कंबर धरलेली असते.

त्या दिवशीही मी खिडकीत बसलो होतो आणि शेजारी रुमाल होता. समोर आमचे गुरुजी होते, एका शाळेत शिकवतात, आणि त्यांच्या बाजूला ज्याला सगळे पहलवान म्हणतात तो. अंगाने अगदी काटकुळा आहे म्हणून पहलवान. त्याच्या घरी पेरूचं झाड आहे. हंगामात रोज पिशवी भरून आणतो, छोट्या सुरीने फोडी करतो, मीठ-मिरची लावून सगळ्यांना देतो. तुमच्या वेळी काकडी असायची, सुरी तुमच्याकडे असायची. मिसरोदच्या आधीच्या स्टेशनवर एक माणूस चढला. तिशीचा असेल, खांद्याला पिशवी, हातात निळी पाण्याची बाटली. रुमाल बाजूला सारून बसला.

गुरुजी म्हणाले, "नए हो क्या, भैया? ये सीट भरी है."

"मंडीदीप उतर जाऊंगा, सरजी. दो-तीन स्टेशन की बात है."

"आने वाला मिसरोद से चढ़ेगा. वो खड़ा रहे और तुम बैठो?"

"तो वो टिकट लेगा कि रूमाल का भी टिकट लगता है?"

सगळे हसले. मीही हसलो. तो जरा खुशीत आला आणि दोन बोटांनी रुमाल उचलून म्हणाला, "किसका है ये पोंछा?" आणि फरशी पुसायचं फडकं असावं तसा तो खाली सोडला. या वेळी कुणी हसलं नाही. रुमाल माझा होता, मी गप्प बसलो. माझं तुम्हाला माहीतच आहे. माझ्या वतीने पहलवान उठला. "उठा. उठा के वापस रख." सुरी त्याच्या हातातच होती, तो पेरूच कापत होता. ढकलाढकली झाली, कुणी कुणाची कॉलर धरली, मध्ये दोघं-तिघं घुसले, आणि मग पहलवान मागे सरकून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मिसरोद येईपर्यंत तो माणूस संपला होता. गाडी थांबली तेव्हा दाराशी, जेवणाचा डबा हातात घेऊन, माझा मित्र उभा होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते तुम्ही बघायला नाहीत हे बरं. दुपारपर्यंत फोनवर व्हिडिओ. त्यात काहीच दिसत नाही, नुसते पाय आणि आरडाओरडा, तरी लोक तोच परत परत बघतात. मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "बाबा, ये तो आपकी वाली ट्रेन है ना? तुम्ही होतात का तिथे?" मी म्हटलं, मागच्या डब्यात होतो. टीव्हीवर चाकूबाजांची टोळी निघाली. कुणी पहलवानाचा धर्म विचारला, तो कळल्यावर मेलेल्याचा विचारला, दोघांचा एकच निघाला तर थोडी निराशाच झाली. कोलार रोडला मेणबत्त्या घेऊन लोक चालले. त्यांच्यातला एकही गाडीने जाणारा नसावा. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन मिनिटं मौन पाळायचं ठरलं आणि त्याखाली लगेच कुणीतरी हळदीकुंकवाची वेळ विचारली. ऑफिसात साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "जमाना खराब है, आप संभल के जाया कीजिए." मी मान हलवली. पंधरा दिवस मी मानच हलवतो आहे.

आणि मग त्यात एक बाई निघाली. स्टेशनवर कुणीतरी माइक पुढे केला तेव्हा गुरुजी म्हणाले, "सुना है, किसी लेडीज़ को छेड़ा था उसने." पहलवानाला तीन मुलं आहेत, त्याला वाचवायला म्हणाले. संध्याकाळपर्यंत शहरभर तेच झालं. चहावाला म्हणतो, अच्छा हुआ. शेजारच्या काकू म्हणतात, "मग बरोबरच झालं म्हणायचं, आपल्या मुली जातात-येतात." आमच्या डब्यात सगळ्यांचं ठरलं की आपण काही पाहिलं नाही. गुरुजी मला म्हणाले, "आप तो वैसे भी बोलते नहीं, आपको क्या दिक्कत." परवा टीव्हीवर त्या माणसाची बायको दाखवली. ती रडत नव्हती. एवढंच विचारत होती, "वो औरत कौन थी? कोई एक बार सामने तो आए." बाबा, आमच्या बाकांवर त्या दिवशी बाईच नव्हती. ती सामने येणार कुठून?

तेव्हापासून मला एक जुना दिवस आठवतो. मी पाचवीत होतो, सुट्टीत तुम्ही मला होशंगाबादला नर्मदा दाखवायला नेलं होतं. डब्यात एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मी तुमचा रुमाल उचलला आणि तिला बसवलं. तुम्ही मला दाराजवळ नेऊन खूप बोललात. "मी एका माणसाला शब्द दिलाय. तो शब्द तू परस्पर उचललास." मी रडलो होतो. आता मी तिकडे बघतो तर मला पुढचंही दिसतं. मिसरोदहून तुमचा मित्र चढतो. तुम्ही काही न बोलता स्वतःच्या जागेवरून उठता, त्याला तिथे बसवता, आणि ती बाई आपल्या जागी तशीच बसून असते. होशंगाबादपर्यंत तुम्ही वरचा दांडा धरून उभे आहात, एका हाताने माझं डोकं धरून. मला इतकी वर्षं फक्त बोलणी लक्षात राहिली. मिसरोदच्या पुढेच मंडीदीपला उतरणार होता तो. मी उठलो असतो तर मिसरोदचा माझ्या जागेवर बसला असता, मला दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागलं असतं.

गुरुवारी मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या मुंशीला सांगितलं की मी समोर होतो, बाई कुणी नव्हती, भांडण जागेवरून झालं, सुरी पेरू कापायची होती. त्याने शांतपणे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "रूमाल किसका था?" मी म्हटलं, "ध्यान नहीं." त्याने तेही लिहिलं आणि मी सही केली. आता डब्यात माझ्याशी कुणी बोलत नाही. मिसरोदचा मित्र दुसऱ्या डब्यात चढतो. पेरू बंद आहेत. बाकांवर रुमाल मात्र आठवड्याभरातच परत पडायला लागले, माझा सोडून.

उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. पुन्हा जाऊन ती ओळ बदलायला सांगणार आहे. रुमाल धुऊन, इस्त्री करून समोर ठेवला आहे. तुम्ही दिलेल्या सहातला हा शेवटचा. तो बरोबर नेईन. पण एक गोष्ट मुंशीला सांगता येईल असं वाटत नाही, कारण ती त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो माणूस खाली पडला तेव्हा मी पटकन वाकलो. सगळ्यांना वाटलं, त्याला धरायला वाकलो. बाबा, मी आधी रुमाल उचलला. त्याची घडी केली, खिशात ठेवला, आणि मग त्याला हात लावला.