गच्चीवरचा उसाचा मांडव

विहीणबाई दिनाबाईंना संभाजीनगरहून चतुराबाईचा रामराम, आणि तुमच्याकडचा शालोम. पनवेलच्या दमट हवेत गुडघे कसे हायेत? माझे दुखतात, पण ऐकतात.

पत्राला कारण की, माझा इंद्रजीत हसला. (फोनवर सांगितलं असतं, पण रिबेकाचं नाव निघालं की आपण दोघी गप्प बसतो, अन् दोघींना वाटतं फोन कटला.)

तुमची लेक गेल्यापासून आमच्याकडं टीव्हीसुद्धा दबकत लागतो. त्यात सुक्कोथ आला, तुमचा मांडवाचा सण. दरवर्षी रिबेका गच्चीवर मांडव घालायची अन् सणभर आम्ही तिथंच जेवायचो. यंदा इंद्रजीत म्हणाला, "आई, राहू दे." आपली नात संस्कृती एकटीच जाऊन गच्ची झाडून आली. मग माझ्यानं राहवंना. गंगापूरला माझ्या भावाला, सांडूला, फोन केला, की इंद्रजीतच्या घरी मांडव घालायचाय, ऊस घेऊन ये.

इथंच घोळ झाला. (सांडू ऐकतो थोडं अन् समजतो लई.) त्याला वाटलं, भाच्याचं दुसरं लग्न ठरलं अन् मामालाच पत्ता नाय! जीपमधून ऊस आणला, हळदीचा पुडा आणला, अन् सिल्लोडचे मोतीराम म्हणून एक गृहस्थही आणले. त्यांची भाची लग्नाची हाय. मांडव पडतोच हाय तर पोरगी आपल्या बघण्यातली का नको, असा सांडूचा हिशेब. जिना चढताना त्यानं खालच्या कडूबाईच्या कानावर घातलं, अन् आम्ही ऊस बांधतोय तोवर कडूबाई गल्लीतल्या बायका घेऊन हजर.

इंद्रजीत सुतळी धरून नुसता उभा. मोतीरामांनी खाकरून विचारलं, "मुहूर्त कधीचा?"

संस्कृती म्हणाली, "आजोबा, हा लग्नाचा मांडव नाय. आपले लोक वाळवंटात झोपड्यांत राहिले, तवा देवानं सांभाळलं, त्याचा हाय. मम्मी सांगायची."

मोतीराम सांडूच्या कानाशी लागले, पण आवाज मोठा. "मंग जेवण तरी हाय का नाय?"

अन् इंद्रजीत हसला! कठडा धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग ते पाणी थांबंना, अन् मीबी थांबवलं नाय. तिला माती दिली त्या दिवशीसुद्धा तो रडला नव्हता, तुम्ही पाहिलंच.

मग सगळ्यांनाच वाढलं. सांडूनं दव पडंल म्हणून वर ताडपत्री टाकली, संस्कृतीनं ती काढायला लावली. पाल्यातून तारे दिसले पाहिजेत म्हणे. कडूबाईनं रिबेका कोकणी हेल काढून भाजीवाल्याशी कशी भांडायची, ते करून दाखवलं. इंद्रजीत म्हणाला, "हेल चुकला," अन् स्वतः करून दाखवला. लई दिवसांनी घर पोटभर जेवलं.

बाकी सगळं ठीक. आमची काळजी करू नका.

तुमची विहीण,
चतुराबाई

ता. क. मोतीरामांचा निरोप आलाय. स्थळाचं राहू द्या, पण पुढच्या वर्षी मांडवाला बोलवा.

आणखी एक ता. क. काळजी करू नका असं लिहिलं, ते खरं नाय. दर शुक्रवारी संस्कृती दिवे लावते. त्यावर घरातल्या बाईनं म्हणायची ती हिब्रू प्रार्थना मला येत नाय. मी नुसते ओठ हलवते. पोरीला कळतं, तरी शेवटी "आमेन" म्हणते. विहीणबाई, लेकीशिवायच्या या घराची पायरी चढणं जड हाय, मला ठाऊक हाय. तरी या. तिला नाय, मला शिकवायला.